ऑर्किड अंगणात कसे वाढवावे? – झाडाच्या खोडावरचा एक जिवंत धडा



नर्सरीतून फुललेले ऑर्किड आपण हौसेने घरी आणतो. फुले महिना-दीड महिना छान टिकतात, मग गळतात. त्यानंतर आपण रोपाला अधिकच जपू लागतो. चांगली काळी माती घालतो, मूठभर शेणखत घालतो, रोज तांब्याभर पाणी घालतो. आणि चार-सहा महिन्यांत रोप मान टाकते. "ऑर्किड आपल्याकडच्या हवेत येतच नाही हो!" असे म्हणून त्या कुंडीत मोगरा लावला जातो.

आता जरा दुसरीकडे बघा. आंबोली, राधानगरी, भीमाशंकर या भागांत फिरताना मान वर केली, तर जुन्या झाडांच्या फांद्यांवर ऑर्किडचे झुबके दिसतात. त्यांना कोणी माती घालत नाही, खत घालत नाही, उन्हाळ्यात पाणीही घालत नाही. तरी ती वर्षानुवर्षे फुलतात. म्हणजे दोष हवेचा नाही. मोगऱ्याला जे आवडते तेच ऑर्किडलाही आवडत असणार, असे आपण धरून चालतो. घोटाळा तिथे होतो.

हे रोप मुळात जगते कसे, ते एकदा नीट समजले की ते अंगणात, परसात किंवा शाळेच्या आवारात वाढवणे अवघड नाही. आजच्या लेखात तेच पाहू. शेवटी मुलांसाठी काही उपक्रमही दिले आहेत.

१. आधी एक गैरसमज : ऑर्किड म्हणजे बांडगूळ नव्हे

मराठीत ऑर्किडला 'आमरी' किंवा 'आमर' असे नाव आहे. ऑर्किडच्या जगभरात सुमारे २८,००० जाती आहेत. काही जमिनीत वाढतात, पण बहुसंख्य जाती झाडांच्या अंगावर वाढतात. झाडावर वाढते म्हणून कितीतरी जण त्याला बांडगूळ समजतात आणि आंब्याची साफसफाई करताना ओरबाडून फेकून देतात. फुकट खाणाऱ्या माणसाला आपण 'बांडगूळ' म्हणतो. बिचाऱ्या ऑर्किडला मात्र काहीही फुकट न खाता हे नाव चिकटते!

दोघांतला फरक मुलांना असा दाखवा :

* बांडगुळाची मुळे यजमान झाडाच्या लाकडात घुसतात आणि त्याचे पाणी व क्षार शोषतात. बांडगूळ फांदीतूनच उगवल्यासारखे दिसते. ते जिथे जोडलेले असते तिथे बहुधा गाठ दिसते आणि त्याच्या पुढची फांदी हळूहळू वाळत जाते.
* ऑर्किडची मुळे सालीच्या वरवर पसरतात. ती सालीला घट्ट चिकटतात, पण आत शिरत नाहीत. फांदी हिरवीगार राहते.
* आंब्यावरच्या नेहमीच्या बांडगुळाची फुले नळीसारखी, केशरी-लाल असतात. त्याचे चिकट बी फुलटोच्या पक्षी एका फांदीवरून दुसरीकडे नेतो. ऑर्किडचे बी मात्र धुळीसारखे बारीक असते आणि वाऱ्यावर उडते.

म्हणजे ऑर्किड हे भाडेकरूसुद्धा नाही, फक्त बसायला जागा मागणारा पाहुणा आहे. पाणी ते पावसाचे आणि दवाचे घेते. अन्न आपल्या हिरव्या पानांत स्वतः तयार करते. सालीच्या फटींत साठलेला पालापाचोळा आणि धूळ यांतून त्याला थोडेफार क्षार मिळतात.

२. मूळ बघा, म्हणजे सगळे कळेल

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही : ऑर्किडची तब्येत फुलावरून ठरवू नका, मुळावरून ठरवा.

झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडच्या मुळांवर स्पंजासारखे जाड आवरण असते. ते मृत पेशींचे असते. पावसाची सर आली की हे आवरण टीपकागदासारखे पाणी शोषून घेते आणि मग ते हळूहळू आतल्या मुळाला पोचते. कोरडे असताना त्यात हवा भरलेली असते, म्हणून मूळ चंदेरी-पांढरे दिसते. भिजले की आवरण पारदर्शक होते आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. हा प्रयोग वर्गात करून बघा. चमच्याने पाणी घातल्याबरोबर मुळाचा रंग बदलतो आणि मुले थक्क होतात.

ही मुळे भिजतात आणि काही तासांत वाऱ्याने वाळतात. भिजणे आणि वाळणे, हेच त्यांचे आयुष्य. मातीत पुरली की ती वाळतच नाहीत. त्यांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेले मूळ पाणी शोषू शकत नाही, म्हणून पाने सुरकुततात. पाने सुरकुतली म्हणून आपण आणखी पाणी घालतो. उरलीसुरली मुळेही कुजतात. बहुतेक घरगुती ऑर्किड असेच मरते : पाण्यात बसून तहानेने!

मुळांची भाषा अशी :

* चंदेरी-पांढरे व टणक : मूळ निरोगी आहे, पण कोरडे आहे. पाणी द्या.
* हिरवे व टणक : पुरेसे पाणी आहे. थांबा.
* तपकिरी, लिबलिबीत, दाबल्यावर साल निघणारे : कुजलेले आहे. निर्जंतुक कात्रीने कापून टाका.
* टोकाशी चमकदार हिरवा किंवा लालसर भाग : मूळ वाढते आहे. रोप खुशीत आहे.

३. कोणते रोप निवडावे?

ऑर्किड म्हटले की दुकानात बहुधा फॅलेनॉप्सिस समोर येते : रुंद पाने आणि पतंगासारखी मोठी फुले. ते दिसायला सुंदर, पण त्याला सावली लागते आणि पानांच्या मध्यावर पाणी साचले की त्याचा गाभा कुजतो. बाहेर वाढवायला सुरुवात करताना पुढील रोपे बरी :

* डेन्ड्रोबियमच्या संकरित जाती : उसासारखी पेरे असलेली खोडे आणि जांभळ्या किंवा पांढऱ्या फुलांचे तुरे. उष्ण, दमट हवा मानवते. कोकण, मुंबई, गोवा येथे उत्तम. पहिल्यांदा लावणाऱ्यांनी हेच घ्यावे.
* वांडा : लांब लोंबणारी मुळे, भरपूर उजेडाची आवड. याचे शास्त्रीय नाव संस्कृत 'वन्दा' या शब्दावरून घेतले आहे. तो शब्द झाडावर वाढणाऱ्या वनस्पतींसाठी वापरत. भाषेच्या तासाला हे जरूर सांगा.
* ऑन्सिडियम : नाचणाऱ्या बाहुल्यांसारखी लहान पिवळी फुले. हलकी सावली आवडते.
* स्पॅथोग्लॉटिस : हे जमिनीत वाढणारे ऑर्किड आहे. पाण्याचा चांगला निचरा होणाऱ्या मातीत, कुंडीत किंवा वाफ्यात येते. 'मातीत लावायचेच आहे' असा हट्ट असेल तर हे लावा!

सिंबिडियम मात्र विचार करून घ्या. ते सिक्कीम-दार्जिलिंगकडच्या थंड डोंगरांत छान फुलते, कारण फुलण्यासाठी त्याच्या बहुतेक जातींना थंड रात्री लागतात. कोकणात पाने येतील, फुले येणार नाहीत. विदर्भ-मराठवाड्यातील मित्रांनो, तुमच्याकडचा कोरडा उन्हाळा बहुतेक संकरित ऑर्किडना जड जातो. तिथे शेडनेट आणि दोन वेळा पाणी यांची तयारी असेल तरच हात घाला.

४. झाडावर ऑर्किड कसे बांधावे?

अंगणात झाड असेल तर कुंडीपेक्षा हीच पद्धत सोपी.

१) झाड : खरबरीत सालीचे, साल न सोडणारे झाड निवडा. आंबा, फणस, चिकू चालतात. पेरू आणि निलगिरी नकोत. त्यांची साल सोलून पडते आणि सालीबरोबर आपले रोपही.

२) जागा : सकाळचे कोवळे ऊन मिळेल आणि दुपारी सावली राहील अशी पूर्वेची बाजू. उंची मुलांच्या डोळ्यांच्या पातळीला ठेवा, म्हणजे रोज निरीक्षण होईल.

३) वेळ : जूनच्या सुरुवातीला, पहिल्या पावसाच्या सुमारास. या काळात नवी मुळे फुटतात आणि हवेतला ओलावा आयताच मिळतो. हिवाळ्यात बांधलेले रोप महिनोन्‌महिने तसेच लटकत राहते.

४) तयारी : रोप कुंडीतून काढा, मुळांना चिकटलेला भुगा हलक्या हाताने सोडवा, कुजलेली मुळे कापा.

५) बांधणी : मुळे सालीवर पसरवा आणि काथ्याने किंवा जुन्या सुती कापडाच्या पट्टीने घट्ट बांधा. रोप हलले तर नव्या मुळांची कोवळी टोके घासून तुटतात. तांब्याची तार मुळीच वापरू नका. तांबे ऑर्किडला बाधते आणि तार झाडाच्या सालीतही रुतते.

६) ओलावा : मुळांच्या बाजूला नारळाच्या सोडणाचा लहान तुकडा ठेवला तर चालतो. पण मुळे पूर्ण झाकू नका. माती, शेण, चिखल काहीही थापू नका.

७) फॅलेनॉप्सिस बांधणार असाल तर पाने खाली झुकतील असे तिरके बांधा. पावसाचे पाणी गाभ्यात न साचता ओघळून जाईल.

काही आठवड्यांत नवी मुळे सालीला धरू लागतात. ती पक्की धरली की काथ्या काढून टाकता येतो. त्यानंतर ऑर्किडला तुमची फारशी गरज उरत नाही.

झाड नसेल तर? खाली आणि बाजूंनी भोके असलेली मातीची कुंडी किंवा लाकडी पट्ट्यांची टोपली घ्या. त्यात लाकडी कोळशाचे तुकडे, विटांचे तुकडे आणि सोडणाचे तुकडे भरा. सोडण आधी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून घ्या, म्हणजे त्यातले क्षार आणि तपकिरी रंग निघून जातो. कुंडी जमिनीवर न ठेवता टांगून ठेवा, म्हणजे खालूनही वारा लागेल. वांडाला तर टोपलीत काही भरायचीही गरज नसते.

५. ऊन, पाणी आणि खत

ऊन : ऑर्किडला उजेड भरपूर लागतो, पण दुपारचे थेट ऊन बहुतेकांना सोसत नाही. सोपी परीक्षा अशी : दुपारी बाराच्या सुमारास रोपाच्या वर फूटभर अंतरावर हात धरा. पानांवर हाताची अंधूक, धूसर सावली पडली तर उजेड योग्य. सावली ठळक, रेखीव असेल तर ऊन जास्त. सावली दिसलीच नाही तर उजेड कमी. वांडाला यापेक्षा थोडे जास्त ऊन चालते. पानेही सांगतात. पोपटी-हिरवी पाने ठीक. गर्द हिरवी, लुसलुशीत पाने छान दिसतात, पण उजेड कमी असल्याची ती खूण आहे. असे रोप वाढत राहते, फुलत नाही. पानांवर पांढरट किंवा काळे वाळके डाग पडले तर ऊन लागले आहे.

पाणी : पाणी सकाळी द्या. संध्याकाळपर्यंत पाने कोरडी झालेली असावीत.

* उन्हाळ्यात : झाडावर बांधलेल्या रोपांना रोज, फार कडक ऊन असेल तर दोनदा. कुंडीतल्यांना कुंडी वाळत आली की.
* पावसाळ्यात : पाऊस पडत असेल तर अजिबात नको. मोठी उघडीप मिळाली तर मुळे बघून ठरवा. कोकणातल्या संततधारेत कुंडीतली रोपे छपराखाली घ्या. झाडावरच्यांना पाऊस बाधत नाही, कारण पाणी थांबतच नाही.
* हिवाळ्यात : दोन-तीन दिवसांआड. आपल्या रानातल्या काही डेन्ड्रोबियमची पाने या दिवसांत गळतात. ती मेलेली नसतात, विश्रांती घेत असतात. त्यांचे उघडे खोड काढून टाकू नका. त्यातल्या साठ्यावरच पुढची फुले येतात.

बोअरवेलच्या जड पाण्याने मुळांवर आणि कुंडीवर पांढरा थर जमतो. शक्य असेल तर पावसाचे पाणी साठवून वापरा.

खत : थोडे, पण नियमित. पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ खत कृषी सेवा केंद्रात मिळते. १ लिटर पाण्यात जास्तीत जास्त १ ग्रॅम, वाढीच्या दिवसांत पंधरा दिवसांतून एकदा फवारा. आधी साध्या पाण्याने मुळे भिजवा, मग खत द्या. कोरड्या मुळांवर खत पडले तर टोके करपतात. हिवाळ्यात खत कमी करा किंवा थांबवा.

६. नेहमीची दुखणी

* गोगलगायी : पावसाळ्यातला मोठा शत्रू. रात्री येऊन मुळांची कोवळी टोके आणि कळ्या खातात. रात्री बॅटरी घेऊन वेचून काढणे हाच उत्तम उपाय.
* खवले कीड आणि पिठ्या ढेकूण : पानांच्या बेचक्यात लपतात. मऊ ब्रशने साबणाच्या पाण्याने पुसून काढा, नंतर कडुनिंबाच्या तेलाची सौम्य फवारणी करा. फवारणी उन्हात नको.
* काळी, पाणचट कूज : पावसाळ्यात वारा न मिळाल्याने होते. कुजलेला भाग निरोगी भागापर्यंत कापा, कापलेल्या पानावर दालचिनीची पूड लावा, रोप वाऱ्यावर टांगा आणि काही दिवस पाणी थांबवा. पूड मुळांना लावू नका, ती त्यांना सुकवते.
* एका रोपाची कात्री दुसऱ्याला लावण्याआधी ज्योतीवर धरून घ्या. ऑर्किडचे विषाणू अशा हत्यारांतूनच पसरतात आणि त्यांवर औषध नाही.

७. रानातले ऑर्किड आणू नका

हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. "रानात एवढी आहेत, एक आणले तर काय बिघडले?" असे मुले विचारतात आणि मोठेही. त्याचे उत्तर ऑर्किडच्या बियांत आहे.

ऑर्किडच्या एका शेंगेत हजारो, काही जातींत लाखो बिया असतात. पण त्या इतक्या सूक्ष्म असतात की त्यांत अन्नाचा साठा जवळजवळ नसतोच. गव्हाच्या दाण्यात बाळरोपासाठी शिदोरी असते, ऑर्किडच्या बीजात नसते. योग्य जातीची बुरशी भेटली तरच ते बी तिच्याकडून अन्न घेऊन रुजते. नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये हे नाते ओळखले. १९२२ मध्ये अमेरिकेतील लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या पोषक जेलीवर बुरशीशिवाय बी रुजवून दाखवले. नर्सरीतली रोपे आज बाटल्यांत तयार होतात, ती या शोधांमुळेच. रानात मात्र लाखो बियांतून एखादेच रोप उभे राहते आणि फुलायला त्याला कित्येक वर्षे लागतात. आपण मिनिटभरात ओरबाडतो ते रोप उभे राहायला एवढा काळ गेलेला असतो.

शिवाय आणलेले रोप बहुधा जगतही नाही. कास पठारावरच्या हॅबेनारिया जातींची गोष्ट घ्या. त्या जमिनीतल्या कंदाच्या आधाराने उन्हाळा काढतात आणि पावसात फुलतात. तिथली माती, तिथले पाणी आणि तिथली बुरशी यांच्याशिवाय त्या कुंडीत टिकत नाहीत. शिवाय राखीव जंगलातून किंवा अभयारण्यातून वनस्पती काढणे हा कायद्याने गुन्हा आहे. ऑर्किडचा आंतरराष्ट्रीय व्यापारही 'साइट्स' करारानुसार नियंत्रित आहे. म्हणून घाटात रस्त्याकडेला पोत्यावर मांडलेली, मुळांना साल चिकटलेली रोपे विकत घेऊ नका. आपण घेतो म्हणूनच ती रानातून निघतात.

एक चांगला मार्ग आहे. गावातला जुना आंबा वादळात पडतो किंवा मालक तो तोडतो, तेव्हा त्याच्यावरची ऑर्किडही लाकडाबरोबर जातात. अशा वेळी मालकाची परवानगी घ्या आणि ती रोपे सालीच्या तुकड्यासकट काढून शेजारच्या झाडावर बांधा. 'सीतेची वेणी' अशा बचावात मिळाली तर शाळेचे भाग्यच! उन्हाळा संपता संपता तिचे पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे लांब घोस लोंबतात. हीच आमरी आसामचे राज्यफूल आहे. तिथे तिला 'कोपौ फूल' म्हणतात आणि बिहूच्या नाचात मुली ती केसांत माळतात.

८. मुलांसाठी उपक्रम

१) मुळांची डायरी : एका मुळाच्या टोकाशेजारी सालीवर खडूने खूण करा. दर सोमवारी मूळ किती मिलिमीटर वाढले ते मोजून आलेख काढा. (गणित)

२) बांडगूळ की ऑर्किड? : परिसरातल्या दहा झाडांचे निरीक्षण करून तक्ता तयार करा. फांदी वाळते आहे का, तेही नोंदवा. (परिसर अभ्यास)

३) फुलाचे चित्र : तीन निदले, तीन पाकळ्या. त्यांतली एक पाकळी वेगळी, ओठासारखी. ती कीटकाला उतरायला धावपट्टी! चित्र काढून भागांना नावे द्या. (विज्ञान, कला)

४) व्हॅनिलाची गोष्ट : आइस्क्रीममधला व्हॅनिलासुद्धा एका ऑर्किडच्या शेंगेतून येतो, हे सांगितल्यावर वर्गाचे चेहरे बघा! १८४१ मध्ये रियुनियन बेटावर गुलामीत असलेल्या एडमंड अल्बियस या सुमारे १२ वर्षांच्या मुलाने या फुलाचे हाताने परागीकरण करण्याची सोपी रीत शोधली. ती आजही वापरतात. (इतिहास)

५) घरचा संवाद : ज्यांच्याकडे आंब्याची बाग आहे त्या मुलांनी घरी विचारावे, "बाबा, आपण साफसफाईत काय काय काढतो?" आणि ऑर्किड कसे ओळखायचे ते घरच्यांना दाखवावे. या एका उपक्रमाने वाचतील तेवढी ऑर्किड शाळेच्या बागेत लावूनही वाढणार नाहीत.

पालकहो, ऑर्किड लावल्यावर वर्षभर फूल आले नाही तरी निराश होऊ नका. मुळाचे हिरवे टोक पुढे सरकते आहे ना, एवढेच मुलांना रोज बघायला सांगा. या जूनमध्ये एक डेन्ड्रोबियम, हातभर काथ्या आणि आंब्याचे एक खोड एवढ्यावर सुरुवात करा. आणि कोणी कुंडीत घालायला माती घेऊन आले, तर त्यांना तिथेच थांबवा!